रातराणीतला ठेका

शिवाला बँडमध्ये घेतलं ते निव्वळ त्याच्या हातांसाठी. बाकी तिघांशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. साईराज गायचा, गाणी लिहायचा. मीरा रोडला सातव्या मजल्यावर राहायचा आणि त्याचे वडील बँकेत मॅनेजर होते. गिटार वाजवणाऱ्या विपुलच्या घरचा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. बेस वाजवणारा साहिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. शिवा मात्र नवघरच्या चाळीतला, बारावीनंतर शिक्षण सोडून कुरिअरची पाकिटं टाकत फिरणारा. गणपतीत तो बेंजो पार्टीत वाजवायचा. अशाच एका मिरवणुकीत विपुलने त्याला ऐकलं आणि भर रस्त्यात दंडाला धरून विचारलं, "ड्रम्स बजायेगा? इंग्लिशवाला?"

बँडचं नाव 'मिठागर'. ते साईराजने ठेवलं होतं. गाणी मराठीत, मधूनच हिंदीत. पण गिटारचा आवाज असा, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं अँप बिघडलाय. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये मराठी रॉक म्हटलं की पोरं आधी हसायची आणि मग हळूहळू हसायची थांबायची. रविवारी कारखाना बंद असला की तिथेच प्रॅक्टिस. शिवाने बेस ड्रमवर पाय मारला की मांडणीवरची पातेली थरथरायची, आणि साहिल म्हणायचा, "आपला पाचवा मेंबर बोलला बघ."

ड्रमसेट शिवाचा स्वतःचा होता. सेकंडहँड, पण चांगला. तो ताईने घेऊन दिला होता. टेम्पो करून ती स्वतः तो घेऊन आली होती, आणि चाळीच्या तोंडाशी उतरून, झांजेकडे बोट दाखवत ड्रायव्हरला दम देत होती, "भैया, संभाल के, वो थाली आडवी मत रखो." शिवाला तो दिवस कायम आठवायचा, कारण त्या दिवशी त्याने तिला मिठीच मारली होती. एरवी तो तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा.

ताईचं नाव दिव्या. शिवापेक्षा पाच वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा आई विमलाबाई दोन घरची धुणीभांडी करत होती, आणि थोड्याच दिवसांत दिव्याला 'हॉटेलात' काम लागलं. काउंटरवर बसायचं काम, असं तिने सांगितलं. संध्याकाळी जायची, पहाटे रिक्षाने यायची. आईने पुढे काही विचारलं नाही. शिवा अकरावीत असताना चाळीतल्या एका मोठ्या मुलाने त्याला कोपऱ्यात घेऊन हसत हसत सांगितलं, की तुझी बहीण रातराणी बारमध्ये नाचते, मी पाहिलंय. शिवाने त्याच्या तोंडावर एक ठोसा लगावला आणि दोन खाल्ले. घरी येऊन तो ताईला काही बोलला नाही. तिने सुजलेला ओठ पाहिला, बर्फ आणून दिला, तीही काही बोलली नाही. त्यानंतर त्या घरात तिघांनाही सगळं माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

मग सरकारने डान्स बार बंद केले. ताई महिनाभर घरात बसून होती. पुढे हाटकेशला खोट्या दागिन्यांच्या एका गाळ्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी परत. विमलाबाई शेजारणींना आवर्जून सांगायची, "आमची दिव्या आता डे ड्यूटीला असते." बँडमधल्या मुलांनी कधी घरची चौकशी केली तर शिवा म्हणायचा, बहीण एक्स्पोर्टच्या कंपनीत आहे.

फेब्रुवारीत एकदा विपुल प्रॅक्टिसला आला तोच ओरडत.

"क्लब मिल गया! अपना, मीरा रोड में. संडे शाम चार बजे. और सुनो, कंपनीवाला आ रहा है. कॅसेट-सीडीवाला, असली."

"कुठला क्लब?" साईराजने विचारलं.

"क्लब आर. वो नहीं था रातराणी बार? बंद पड़ा था. उत्तमशेठ अब उसको क्लब बना रहा है. बोला, बच्चा लोग आएगा तो मेरा भी थोड़ा नाम सुधरेगा."

साहिल आणि साईराज हसले. शिवा वाकून पेडलचा स्क्रू आवळत होता. तो घट्टच होता. तरी तो आवळत राहिला.

त्या आठवड्यात ताईने त्याला दोनदा विचारलं. तिला चाहूल लागली होती की काहीतरी मोठं आहे, कारण शिवा जेवताना ताटाच्या कडेवर बोटांनी वाजवत बसायचा.

"प्रोग्राम आहे ना तुमचा? कुठे?"

"बोरिवलीला," शिवा म्हणाला.

"मी येऊ? मी कधी ऐकलंच नाही तुला. म्हणजे त्या ड्रमवर."

"तिथे सगळी कॉलेजची पोरं असतात ताई. तू काय करणार? कान फुटतील."

"हो, ते पण खरं," ती म्हणाली आणि भात वाढायला वळली.

रविवारी दुपारी ते सामान घेऊन पोचले. बाहेर नवा बोर्ड लागला होता, पण दरवाजावरच्या काचेत 'रातराणी' हे जुनं नाव नक्षीसारखं कोरलेलं तसंच होतं. आत चारी भिंतींना आरसे. मधोमध एक बुटका गोल चौथरा, त्याखाली रंगीत दिव्यांच्या काचा, आणि भोवती लाल सोफे. शिवाचा ड्रमसेट त्या चौथऱ्यावर चढवायचा होता. त्याने पाय वर ठेवला आणि त्याला वाटलं, हीच ती जागा. मग त्याने डोकं खाली घालून स्टँड उभे करायला घेतले. पण आरसे चहूकडे होते. कुठेही पाहिलं तरी त्याचं तोंड त्याला दिसत होतं.

पाण्याचे ग्लास घेऊन एक वयस्क वेटर आला. पांढऱ्या मिशा, छातीवर नव्या क्लबचा बिल्ला. तो सदू. शिवाकडे पाहून तो थबकला.

"तू दिव्याचा भाऊ ना रे?" त्याने हळूच, हसून विचारलं. "एकदा आई आजारी पडली तेव्हा तिला बोलवायला आला होतास बघ. मीच तुला बाहेर स्टुलावर बसवलं होतं."

साईराज दोन पावलांवर मायक्रोफोन तपासत उभा होता. 'हॅलो, हॅलो' करता करता त्याने मान वळवून पाहिलं.

"नाही," शिवा म्हणाला. "तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

सदू क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. "असेल," तो म्हणाला. "वय झालं." आणि ग्लास ठेवून गेला.

पण सदू काही फसला नव्हता. मुलगा लाजला असेल, एवढंच त्याला वाटलं. दिव्याने या भावाबद्दल त्याला कितीदा सांगितलं होतं. हात कसे चालतात त्याचे, ड्रम घेऊन द्यायचाय त्याला. आज तो भाऊ इथेच वाजवणार म्हटल्यावर सदूला राहवेना. काउंटरवरच्या फोनवरून त्याने चाळीतल्या वाण्याकडे फोन लावला आणि दिव्याला बोलावून घेतलं. "अगं, तुझा भाऊ आलाय आपल्याकडे," तो म्हणाला. "चार वाजता आहे. ये ना. मागच्या दाराने ये, मी आहे."

चारनंतर हॉल भरला. भाईंदर, मीरा रोड, बोरिवलीकडची कॉलेजची पोरंपोरी. बऱ्याच जणांना बँडपेक्षा ही जागा आतून पाहायची उत्सुकता होती. मुली आरशांकडे बोटं दाखवून हसत होत्या, मुलं सोफ्यांवर आरामात रेलून शेठसारखा आव आणत होती. कंपनीचा माणूस मागे कोपऱ्यात एकटा बसला होता. चष्मा, करड्या रंगाचा शर्ट, हातात कोल्ड्रिंक.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसरं गाणं साईराजने फार वरच्या पट्टीत उचललं आणि त्याचा आवाज फाटला. टाळ्या पडल्या, पण पातळ. तिसऱ्याच्या अगदी सुरुवातीला विपुलच्या गिटारची तार टण्णकन तुटली. विपुल शिवी घालत खाली बसला आणि बॅगेत दुसरी तार शोधू लागला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं. साईराजने ते पाहिलं, शिवानेही पाहिलं.

साईराजला गप्प उभं राहणं कधीच जमायचं नाही. त्याने माइक हातात घेतला.

"सॉरी हां," तो म्हणाला. "आम्ही नवीन आहोत. इथे आधी जो परफॉर्मन्स व्हायचा ना, त्याची सर आम्हाला नाही."

थोडे लोक हसले.

"काय करणार? सरकारने मॅडम लोकांना घरी बसवलं, म्हणून उत्तमशेठने आम्हाला उभं केलं. जरा सांभाळून घ्या!"

आता मोठा हशा आला. मागून एकाने शिट्टी मारली. साईराजने केस झटकले, एक खांदा पुढे केला आणि डोळा मारला. हशा वाढला. तो शिवाकडे वळला. "शिवा, दे ना यार. तो ठेका दे. बारवाला."

शिवाने काठ्या उचलल्या.

नंतर कितीही वेळा त्याने आठवून पाहिलं, तरी उचलण्याआधी आपण क्षणभर तरी थांबलो होतो असं त्याला म्हणता आलं नाही. तो थांबला नव्हता. बेंजो पार्टीत वाजवून वाजवून हातात बसलेला तो ठेका त्याने दिला, आणि ड्रमसेटवर तो असा काही उमटला की हॉल एकदम जागा झाला. साईराज कंबर हलवू लागला. शिवा त्याच्या प्रत्येक झटक्याबरोबर झांज मारायचा. साईराज मुद्दाम थांबायचा, शिवाही थांबायचा, लोक श्वास रोखायचे आणि पुढच्या झटक्याला छत उडायचं. साहिलने बेसवर त्या ठेक्याखाली एक जाड, काळी ओळ धरली. पुढच्या सोफ्यावरचा एक पोरगा उठला, खिशातून दहाच्या नोटा काढून त्याने साईराजच्या डोक्यावरून एक एक करून सोडल्या. मग दुसरा उठला. मुलीही हसत होत्या. साईराजने एक नोट दातात धरली.

शिवाही हसत होता. त्याला मजा येत होती. इतकी वर्षं त्या जागेचं नाव निघालं की तो विषय बदलायचा, आणि आज तो तिथेच वर बसून लोकांना हसवत होता. आता कुणाला कशाचा संशय यायची सोयच नव्हती. तो यांच्यातला झाला होता. हसणाऱ्यांतला.

झांजेवर हात मारता मारता त्याने मान वर केली, आणि समोरच्या आरशात त्याला किचनचं दार दिसलं. दारात सदू उभा होता आणि त्याच्या शेजारी ताई.

तिने तिची मोरपंखी साडी नेसली होती, लग्नाकार्याला नेसायची ती. केसात अबोलीचा छोटा गजरा होता. दोन्ही हात पुढे एकावर एक ठेवून ती उभी होती, शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या आईसारखी. तिचे डोळे साईराजकडे नव्हते, शिवाकडे होते.

शिवाचा हात हवेतच राहिला. ठेका तुटला. साईराजला वाटलं ही मुद्दाम घेतलेली जागा आहे. त्याने लोकांकडे तोंड करून भुवया उडवल्या. आणि तेव्हा ताईने एक गोष्ट केली. तिने हाताने खूण केली. वाजव, वाजव, थांबू नकोस. आणि ती थोडीशी हसली.

शिवाने वाजवलं. काय वाजवलं ते त्याला कळलं नाही. तेवढ्यात विपुल तार लावून उभा राहिला आणि त्या ठेक्यातूनच त्यांनी तिसरं गाणं उचललं.

पाण्याखाली शहर आहे, शहराखाली मीठ,
मिठाखाली कोण झोपलंय, हाक मार नीट.

हॉल आता त्यांचा होता. पोरं उभी राहिली होती. त्या गाण्यात शिवाचा शेवटी एकट्याचा भाग होता, आणि तो त्याने आयुष्यात इतका चांगला कधी वाजवला नव्हता. वाजवून संपलं तेव्हा दारात फक्त सदू होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

कार्यक्रमानंतर कंपनीचा माणूस चौथऱ्याजवळ आला. त्याने सगळ्यांशी हात मिळवला. "गाने ठीक हैं," तो म्हणाला. "मेहनत है. लेकिन वो बीच में जो किया ना, बारवाला, वो असली चीज़ है. आज की चीज़ है. उसका पूरा गाना बनाओ. नाम भी रेडी है, रातराणी. बनाओ और मेरे पास आओ."

विपुलने साहिलला उचलून घेतलं. साईराजने शिवाच्या गळ्यात हात टाकला. "तुझ्यामुळे रे! तुझ्या ठेक्यामुळे!" उत्तमशेठने सगळ्यांना चिकन लॉलीपॉप खाऊ घातले. शिवाने एक तोंडात घातलं. अर्धंच खाऊन त्याने ते बशीत ठेवलं. सदू टेबल पुसायला आला, पण त्याने शिवाकडे पाहिलं नाही. "एक्स्क्यूज मी, साहेब," म्हणून त्याच्या कोपराखालून फडकं फिरवलं आणि पुढे गेला.

घरी शिरायचा शिवाला धीर होईना. नाक्यावर तो उगाच उभा राहिला. शेवटी गेला तेव्हा विमलाबाई देवळात गेली होती आणि ताई ओट्याशी मेथी निवडत होती. घरातला गाऊन, गजरा काढलेला. मोरपंखी साडी खाटेच्या कडेला घडी करून ठेवली होती.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"ताई, माफ कर."

"कशाबद्दल?"

इतकं सगळं होतं की सुरुवात कुठून करावी कळेना.

"सदूकाकांना नाही म्हणालास, त्याबद्दल?" तिने मेथीची जुडी सोडवत विचारलं. "त्यांनी सांगितलं मला. त्यांना वाटलं तू लाजलास. मला कळलं."

"तो ठेका... मला माहीत नव्हतं तू आहेस."

"मी नसते तर चाललं असतं?"

शिवा दारातच भिंतीला टेकून खाली बसला. ताईने पानं परातीत टाकली, काड्या बाजूला केल्या. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

"तिथे नाचत होते तेव्हा लोक हसायचे, अंगावर नोटा टाकायचे," ती म्हणाली. "त्याची सवय झाली होती. घरी येऊन अंघोळ केली की उतरून जायचं. पण तिथे मला माहिती होतं, की समोर बसलेत ते सगळे परके आहेत."

तिने मेथीची पुढची जुडी घेतली.

"आणि खरं सांगू? लाज मला माझीच वाटली. तू बोरिवली म्हणालास तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. सदूकाकांचा फोन आला आणि मी वेडी साडी नेसून धावत आले. मला वाटलं, तू विसरला असशील सांगायला."

"ताई, मी सांगतो त्यांना," शिवा घाईघाईने म्हणाला. "उद्याच सांगतो. सगळ्यांना सांगतो की माझी बहीण तिथे होती. साईराजला माफी मागायला आणतो इथे."

तिने पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं.

"खबरदार," ती म्हणाली. "कुणाला एक शब्द सांगायचा नाही."

"पण..."

"तू सांगशील, रडशील, ते तुझ्या पाठीवर हात ठेवतील. तुझं हलकं होईल. माझं काय? हाटकेशच्या गाळ्यात सगळ्या बायका माझ्याबरोबर डबा खातात शिवा. माझ्या डब्यातली भाजी घेतात. सुपरवायझर दिव्याताई म्हणतो. मी किती दिवसांनी माणसांत बसतेय ते तुला माहीत नाही. मीरा रोडमध्ये गोष्ट सांगितली की ती भाईंदरला पोचते. तुझी लाज घालवायला माझं नाव वापरायचं नाही."

ती परत मेथीकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते नंतरचं गाणं मात्र चांगलं होतं. मिठाचं."

पुढच्या रविवारी कारखान्यात प्रॅक्टिस होती. साईराजने गाणं लिहूनच आणलं होतं. रातराणी ग रातराणी, कुठे गेली तुझी कहाणी, अशी सुरुवात. पुढे आरसे, नोटा, पायातली घुंगरं. चाल झकास होती. विपुलने गिटारवर एक सूर लावला आणि सगळे शिवाकडे बघू लागले.

"हे मी नाही वाजवणार," शिवा म्हणाला.

"म्हणजे?"

"दुसरं कुठलंही वाजवतो. हे नको. हे गाणंच नको करूया."

विपुल हसला. "अरे, तेरा ही तो ठेका है! तूने ही बनाया है!"

"माहितीये."

"मग कारण सांग ना," साईराज म्हणाला. "एक कारण सांग. शब्द वाईट आहेत? बदलू. चाल वाईट आहे?"

कारण शिवाच्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोललं की साईराजचा चेहरा कसा उतरेल हेही त्याला दिसत होतं. साईराज तसा वाईट मुलगा नव्हता. तो खरंच रडला असता, खरंच घरी आला असता. आणि त्याच वेळी शिवाच्या लक्षात आलं, की ताईने तोंड बंद ठेवायला सांगितलं याचं आपल्याला आत कुठेतरी बरं वाटलंय. सांगणार होतो, असं स्वतःला म्हणता येत होतं आणि सांगावं लागत नव्हतं. हे कळल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ते बेंजोवालं वाटतं," तो म्हणाला. डोक्यात आलं ते बोलून गेला. "गल्लीतलं. मला तसं नाही वाजवायचं आता."

साहिल म्हणाला, "बापरे. शिवासाहेब रॉकस्टार झाले."

साईराजला मात्र ते लागलं. "आम्ही तुला गल्लीतून उचललं तेव्हा तो ठेका चालत होता," तो म्हणाला. "आणि आता कंपनी आली तर तुला त्याची लाज वाटतेय? ऐक शिवा. हे गाणं होणार. तू असशील तर तुझ्यासकट, नसशील तर दुसरा बघू."

शिवाने काठ्या पिशवीत टाकल्या आणि ड्रम सोडवायला घेतले. विपुल मध्ये पडला, "अरे यार, बैठ, चाय पीते हैं, बात करते हैं." पण शिवाने ऐकलं नाही. टेम्पो येईपर्यंत तो बाहेर फुटपाथवर ड्रमसेटजवळ उभा राहिला. आत त्यांनी ड्रमशिवायच ते गाणं सुरू केलं होतं. पायाने ठेका धरू नये म्हणून त्याने पाय जमिनीवर दाबून ठेवला.

घरात त्याने एवढंच सांगितलं, की जमलं नाही. ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिने कारण विचारलं नाही, परत जा असंही म्हणाली नाही.

'मिठागर'ला बोरिवलीचा एक ड्रमर मिळाला. रातराणी वर्षाच्या आत बाहेर आलं आणि सगळीकडे पसरलं. रिक्षात, केबलवर, नवरात्रीत, लग्नाच्या वरातीत. पाण्याखालच्या शहराचं गाणं त्याच सीडीवर शेवटी होतं, ते फारसं कुणी ऐकलं नाही. शिवा कुरिअर टाकत होता आणि संध्याकाळी मुर्धा गावातल्या एका समाजमंदिरात मुलांना ड्रम शिकवत होता. मुलं विचारायची, "सर, रातराणी शिकवा ना." तो म्हणायचा, "आधी हात बसू दे." मग मुलं आपली आपणच शिकून यायची आणि त्याला वाजवून दाखवायची. तो ऐकून घ्यायचा.

एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते. विमलाबाईने टीव्ही लावला होता. एका वाहिनीवर 'मिठागर'ची मुलाखत आली. साईराजने केस वाढवले होते. निवेदिकेने विचारलं, पहिला ड्रमर बँड सोडून का गेला?

साईराजने केस मागे सारले. मग म्हणाला, "चांगला वाजवायचा तो. माझ्यापेक्षा जास्त टॅलेंट होतं. पण त्याला आपण कुठून आलो याची लाज वाटायची. बेंजोची, आपल्या माणसांची. आम्हाला नाही वाटत. आमचं हे गाणं त्यातूनच आलंय."

निवेदिकेने टाळी वाजवली आणि गाणं सुरू झालं. पडद्यावर आरसे आले, गोल चौथरा आला, एका नाचणाऱ्या मुलीची पाठ आली.

विमलाबाईचा घास हातातच राहिला. तिने शिवाकडे पाहिलं आणि मग तिचा बांध फुटला.

"हे खरंय का रे? लाज? कसली लाज आली तुला? या पोरीने रक्त आटवून ते ड्रम घेऊन दिले तुला. ती टीव्हीवर बघ पोरं कुठे पोचली आणि तू मुर्ध्याला पोरांना शिकवत बस! कुणाची लाज वाटली तुला, सांग तरी. माझी? हिची?"

शिवाने ताटातून नजर वर केली नाही. हो म्हणावं तरी खरं होतं आणि नाही म्हणावं तरी खरं होतं. ताई त्याच्या समोरच बसली होती. तिच्याकडे पाहिलं असतं तर तिने आईला काहीतरी सांगून त्याला सोडवलं असतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने पाहिलं नाही.

टीव्हीवर ठेका चालूच होता. बोरिवलीच्या मुलाने त्यात एक जागा चुकवली होती.

"बोल ना रे," विमलाबाई म्हणाली.

"आई," ताई म्हणाली, "त्याला जेवू दे."

तिने वाटी पुढे ओढली आणि त्याच्या भातावर आमटी वाढली.